चोरातला च आणि चंद्रातला च

इटलीतल्या जुन्या न्हाणीघरांत नळावर एकच रोमन अक्षर असतं, 'सी'. इंग्रजीतून शिकलेला माणूस ते 'कोल्ड'मधलं धरून चालतो, बिनधास्त हात खाली धरतो आणि पोळून घेतो. 'काल्दो' म्हणजे गरम. थंडाला 'फ्रेद्दो' म्हणतात, म्हणून गार पाण्याच्या नळावर 'एफ'. किराणा दुकानात 'साले' लिहिलेलं पाकीट सवलतीत मिळणारं नसतं, त्यात मीठ असतं. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीतला 'कामेरा' फोटो काढायचा नसतो, ती भाड्यानं द्यायची खोली असते. अर्जावरचे 'पारेन्ती' म्हणजे आईबाप नव्हेत, नातेवाईक. आईबापांसाठी शब्दच वेगळा, 'जेनितोरी'. पहिल्या आठवड्यात होणाऱ्या या फजित्या एकाच कुळातल्या आहेत. त्या सगळ्या इंग्रजी येत असल्यामुळे होतात.

तरी हल्ली इटलीला जाणारा विद्यार्थी इंग्रजीच्याच भरवशावर जातो. मिलानच्या पॉलितेक्निकोपासून अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. घरचं उत्पन्न कमी असलेल्यांना तिथले प्रादेशिक शासन-विभाग शिष्यवृत्ती देतात, त्यामुळे जर्मनीबरोबर इटलीचं नावही आता पुण्याच्या कॉलेजांच्या कॅन्टीनमध्ये ऐकू येतं. वर्ग इंग्रजीत चालतो हे खरंच. पण वर्ग दिवसातले चार-पाच तास. उरलेलं सगळं इटालियनमध्ये. देशात उतरल्यापासून कामाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे 'पेरमेस्सो दी सोज्जोर्नो'चा, अर्ज करावा लागतो. तो करायचा पोस्टात. पोस्टातून जाडजूड पाकीट मिळतं, आतले फॉर्म इटालियनमध्ये, खिडकीपलीकडच्या बाईंचं बोलणंही इटालियनमध्ये, आणि मागे रांग. 'कोदिचे फिस्काले' हा करक्रमांक नसेल तर खोली भाड्यानं मिळत नाही, फोनचं सिमकार्डही घेता येत नाही. भाषेत पहिली बुडी बसते ती इथं, पोस्टाच्या रांगेत.

पोहायला शिकवायची जुनी रीत खेड्यातल्या कुणालाही सांगायला नको. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. भाषा अशी शिकावी असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, देशात जाऊन राहा, आपोआप येईल. या 'आपोआप'बद्दल भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांना बरंच काही सांगण्यासारखं आहे. इथं फारसं कुणी इटालियन बोलत नाही, पण एका भाषेतून दुसरीत जाऊन राहण्याचा अनुभव या डोंगरांत सगळीकडे आहे, आणि बाहेरून येऊन या डोंगरांची भाषा शिकलेली माणसंही इथं होऊन गेली आहेत.

भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान, 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालेलं. गावात राजवाडा, बाहेर पडलं की नीरा, वेळवंडीवर भाटघरचं धरण, आणि पश्चिमेला वरंध घाट उतरला की महाड. शेजारचं वेल्हे तोरण्याच्या पायथ्याला. तालुक्याचं नाव आता राजगड करण्याचा निर्णय झाला आहे, पण बोलताना वेल्हं ते वेल्हंच. पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणंही याच डोंगरांतली. पुणं 50-60 किलोमीटरवर. एवढ्या अंतरात भाषा बदलते असं पुण्यात कुणी मान्य करणार नाही, पण वेल्ह्याच्या एसटीतून स्वारगेटला उतरणाऱ्या अकरावीच्या पोराला ते बरोबर माहीत असतं. घरी 'हितं', 'तितं', 'कुटं', 'न्हाय', 'पानी'. कॉलेजात 'इथं', 'तिथं', 'कुठं', 'नाही', 'पाणी'. पहिल्या तासाला 'न्हाय सर' म्हटलं की मागच्या बाकावर हशा होतो. मग महिना-दोन महिने पोरगा बोलतच नाही. नुसतं ऐकतो. भाषा शिकवणारे या काळाला मौनाचा काळ म्हणतात आणि तो नव्या भाषेत जाणाऱ्या बहुतेकांना काढावा लागतो. आपल्या पोराला कुणी सांगत नाही की हे दुसरी भाषा शिकणंच आहे. त्याला वाटतं, आपलीच भाषा आपल्याला नीट येत नाही.

या प्रश्नावर कसून काम झालं ते नीरेच्याच खोऱ्यात, पण खाली पूर्वेला, फलटणमध्ये. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ साठच्या दशकात तिथं आल्या. जातीनुसार, शिक्षणानुसार, घरानुसार फलटणकरांची मराठी कशी बदलते हा त्यांच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या प्रबंधाचा विषय. प्रबंध झाला 1973 साली. पण त्या परत गेल्या नाहीत. भारतीय नागरिक झाल्या, प्रगत शिक्षण संस्था काढली, कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. ज्यांच्या नावाची ही शाळा त्या कमलाबाईही जन्मानं अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. बर्नसनबाईंनी जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि संदर्भ-व्याकरण लिहिलं. 1975 च्या सुमाराचं ते काम. पुण्यात मराठी शिकायला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या.

त्यांच्या कामातली शहाण्यांना बोचणारी गोष्ट अशी की भाषेच्या गावात नुसतं राहून 'ती' भाषा येत नाही. ज्याच्या घरी राहाल त्याची भाषा येते. वाड्यात राहणाऱ्याला वाड्याची, वस्तीवर राहणाऱ्याला वस्तीची. शाळेत यातली एकच चालते. म्हणून फलटणच्या शाळेत मुलाच्या घरच्या बोलीला न हसता तिथूनच लेखन-वाचनाकडे नेण्याची रीत त्यांनी धरली. बेबी कांबळे फलटणच्याच. त्यांच्या आत्मकथनामागे बर्नसनबाईंचं प्रोत्साहन होतं. त्या लेखनातली भाषा ही कुठल्याही पाठ्यपुस्तकात न शिकवली जाणारी मराठी आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरात आला तो फ्रेंच माणूस. गी प्वातवाँ. जन्म 1934 चा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात आले, इथलेच झाले, 2004 मध्ये पुण्यातच वारले. समाजशास्त्र-अर्थशास्त्राच्या अभ्यासक हेमा राईरकर आणि ते, दोघांनी मिळून मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या डोंगरी पट्ट्यात 'गरीब डोंगरी संघटने'बरोबर काम केलं. संघटनेत बाया होत्या. त्या बोलायच्या, पण मनातलं सांगायची वेळ आली की ओवी म्हणायच्या, जात्यावरची. पहाटे उठून दळता दळता आईकडून, सासूकडून, जावेकडून कानावर पडलेली. त्यांतूनच ओव्या गोळा करण्याचं काम उभं राहिलं. एक लाखाहून अधिक ओव्या, एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बाया. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणक-संगीतज्ञानं त्यांचा संगणकीय संग्रह बांधला, 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. त्याची एक प्रत फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या भाषासंग्रहात ठेवली गेली. 2017 पासून 'परी' या संकेतस्थळानं या ओव्या लोकांपुढे आणल्या.

परभाषा शिकणाऱ्यासाठी या खटाटोपात फार मोठा धडा आहे. ओवीचे शब्द कोशात सापडतात, पण 'बाई', 'बया', 'सई' या तीन हाकांमधला फरक कोशात नसतो. दोन ओळींच्या मधे ओढलेला सूर कुठला शब्द गिळतो हे कान तयार झाल्याशिवाय कळत नाही. 'पुतळा माळंचा' म्हणजे काय हे माळेत पुतळ्या ओवलेल्या पाहिल्याखेरीज समजायचं नाही. फ्रेंच माणूस वीस-तीस वर्षं इथं राहिला, तरी एकट्यानं हे काम त्याला कधीच पुरं करता आलं नसतं. सोबत हेमाताई होत्या, आणि मुळशीतल्या कोळवड्याचे जितेंद्र मैड यांच्यासारखे त्याच मातीतले कार्यकर्ते होते, ज्यांना बाया 'हे काय विचारतोस, तुला न्हाय व्हय ठावं?' असं सुनवू शकत होत्या. हा टोमणा म्हणजेच शिकवणी. पाहुण्याला कुणी टोमणा मारत नाही. पाहुण्याचं चुकलं तरी लोक हसून सोडून देतात, आणि म्हणून पाहुणा शिकत नाही.

धनगरांमध्ये फिरलेल्या गुंथर सोन्थायमरांचीही हीच गत. हायडलबर्गचे हे प्राध्यापक बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यामागे लागून महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येत राहिले. वीरचा म्हस्कोबा तर भोरपासून काही फार लांब नाही. त्यांचं जर्मन पुस्तक 1976 मध्ये आलं, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1989 मध्ये. 1992 साली सोन्थायमर गेले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या धनगरी ओव्यांचं काम फेल्डहाउसबाईंनी पुढे नेलं, तेव्हा त्यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांना बरोबर घेतलं. फेल्डहाउसबाईंची मराठी अनेक पुणेकरांना लाजवील अशी आहे. महानुभावांचे जुने ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणले आहेत. तरीही ओवीला धनगरी कान लागला. या ओव्यांचं पुस्तक आलं 2014 मध्ये.

नव्या भाषेत सर्वांत खोल बुडी मात्र या विद्वानांनी घेतलेली नाही, ती या डोंगरातल्या मुलींनी घेतली. वरंध घाटाच्या या बाजूची पोर पलीकडे महाडकडे दिली, किंवा खालची वर आली, तर बोली बदलायची, भांड्यांची नावं बदलायची, भाताच्या कामाचे शब्द बदलायचे. शिकवायला कोणी नाही, चूक झाली की सासू. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा भाग माहेर-सासर या विषयाचा आहे, त्याचं एक कारण भाषेचंही असावं असं मानायला हरकत नाही. सकाळी जात्याच्या खुंट्याला सासू-सून समोरासमोर बसत. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. ज्या बाईशी दिवसभर बोलणं कठीण, तिच्याबरोबर एका सुरात म्हणायचं. आजचे भाषाशिक्षक 'जोडीदाराबरोबर वाक्य पुन्हा म्हणा' असा स्वाध्याय देतात तो याहून वेगळा नाही. गिरण्या आल्या आणि हा वर्ग बंद झाला.

आता इटलीकडे वळू, कारण तिथंही हेच आहे, किंबहुना जास्तच आहे. 1861 मध्ये इटली एक देश झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक शेकडा अडीच होते असा तुल्लियो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. बाकीचे व्हेनेशियन, नापोलितान, सिसिलियन, पिएमोन्तेझे बोलत. या नुसत्या उच्चाराच्या लकबी नव्हत्या. काही तर एकमेकांना कळणारही नाहीत इतक्या वेगळ्या. अलेस्सांद्रो मान्झोनी हा मिलानचा, घरी मिलानी आणि फ्रेंच बोलणारा. त्याची 'वाग्दत्त' जोडप्याची कादंबरी 1827 मध्ये आली. त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला, तिथल्या लोकांची जिवंत भाषा ऐकायला, आणि मग वर्षानुवर्षं घासून त्यानं सगळी कादंबरी पुन्हा लिहिली. ती नवी आवृत्ती 1840 ते 1842 या काळात निघाली. आर्नो नदीत आपली धुणी धुऊन काढली, असं तो म्हणे. इटालियन शिकण्यासाठी फ्लॉरेन्सला गेलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी हा असा स्वतः इटालियनच होता. सदाशिव पेठेतल्या लेखकानं नीरेवर किंवा गुंजवणीवर धुणी घेऊन जाण्याची प्रथा आपल्याकडे पडली असती तर काय झालं असतं, हा विचार करमणुकीचा आहे.

इटलीत हे काम शेवटी टीव्हीनं केलं. 1960 ते 1968 अशी आठ वर्षं आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक सरकारी वाहिनीवर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ, कधीच फार उशीर झालेला नसतो. गावच्या एकाच टीव्हीपुढे शेतकरी संध्याकाळी पाटी घेऊन बसत. म्हणजे आजच्या इटालियन विद्यार्थ्याचे आजी-आजोबा स्वतःच प्रमाणभाषा बाहेरून शिकलेले आहेत. वेल्ह्याच्या पोरानं हे कळल्यावर दोन गोष्टी कराव्यात. एक, बोलोन्यातल्या घरमालकिणीचं बोलणं पाठ्यपुस्तकासारखं नाही म्हणून घाबरू नये. दोन, तिला स्वतःच्या 'न्हाय'ची गोष्ट सांगावी. तिला ती कळेल.

विद्यार्थ्यांच्या आधीही मराठी माणूस इटालियनला भेटला होता, शिपाई म्हणून. पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनला इटालियन सैन्याशी लढली. छत्रपतींच्या नावाचा जयघोष पलटणीनं उचलला तो त्याच लढाईत, असं सांगितलं जातं. 1943 च्या सप्टेंबरात इटलीनं शस्त्रं खाली ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच पलटण इटलीच्या आत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढत होती. 10 जुलै 1944 रोजी नाईक यशवंत घाडगे तिथं पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे माणगावकडच्या पळसगावचे, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या उताराचे, वेल्ह्याचा डोंगर उतरून खाली गेलं की जो मुलूख लागतो तिकडचे. एप्रिल 1945 मधल्या सेनिओ नदीकाठच्या लढाईसाठी नामदेव जाधवांनाही तो क्रॉस मिळाला.

या शिपायांचा भाषांचा प्रवास बघण्यासारखा आहे. घरी बोली. पलटणीत रोमन लिपीतली उर्दू, कारण हिंदी सैन्याची सामाईक भाषा ती. साहेब लोकांनाही उर्दूच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि मराठा पलटणीतल्या साहेबाला शिपायांची मराठीही शिकावी लागे. म्हणजे इंग्लंडच्या शाळेतून आलेला विशीतला पोरगा भोर-महाडकडच्या जवानांकडून मराठी शिकायचा. ती कुठली मराठी असेल ते सांगायला नको. आणि इटलीत पोचल्यावर शेतकऱ्याकडून पाव, अंडी, पाणी मागताना यातलं काहीच कामाला यायचं नाही. तिथं पुन्हा कोरी पाटी.

घाडग्यांचं स्मारक जुलै 2023 मध्ये उंब्रिया प्रांतातल्या मोन्तोने गावात झालं. स्मारक म्हणून सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मोन्तोने पेरुजा जिल्ह्यात येतं, आणि पेरुजा शहरात परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं इटलीतलं सर्वांत जुनं विद्यापीठ आहे. 1921 मध्ये आस्तोर्रे लुपात्तेल्ली यांनी सुरू केलेल्या वर्गांतून ते वाढलं. पालात्सो गाल्लेंगा या राजवाड्यात ते भरतं. अगदी नवख्या वर्गातही शिकवणं इटालियनमधूनच. वर्गात एक जपानी, एक ब्राझीलची, एक नायजेरियाचा, आणि सगळ्यांना समान अशी मोडकी इटालियन सोडून दुसरी भाषा नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. विहिरीत ढकलतात, पण पाठीला भोपळा बांधून.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी बोलणाऱ्यांना कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याची यादी ठेवते. इटालियन सर्वांत सोप्या गटात आहे. मराठी अवघड गटात, 44 आठवडे आणि सुमारे 1,100 तासांची. मराठी बोलणाऱ्याला इटालियनसाठी किती तास लागतील याची यादी कुणी केलेली नाही. पण तोंड आणि व्याकरण दोन्ही तपासलं तर बातमी चांगली निघते.

पहिली गोष्ट जोडाक्षरांची. 'खडा' आणि 'खड्डा' यांतला फरक मराठी पोराला समजावून सांगावा लागत नाही, भोरच्या रस्त्यावर तर नाहीच. इटालियनमध्ये 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'आन्नो' म्हणजे वर्ष, आणि वय सांगताना त्यातला एक 'न' गिळला तर शब्द असा होतो की समोरचा माणूस तोंड फिरवून हसतो. इंग्रजांना ही जोडाक्षरं ऐकूच येत नाहीत. आपल्याला येतात.

दुसरी गोष्ट त आणि द यांची. इटालियन 'त' हा आपल्या तांब्यातला त, इंग्रजी टेबलातला नव्हे. आपण 'पास्ता' बरोबर म्हणतो. 'पिझ्झा' मात्र चुकवतो, आणि याचं वाईट वाटतं, कारण योग्य उच्चार आपल्या घरातच होता. मराठीत दोन च आहेत. चंद्रातला एक, चोरातला एक. लिहिताना दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे मराठी शिकणारा प्रत्येक परदेशी इथं अडखळतो. इटालियनमध्ये दोन्ही च आहेत. 'चाओ'मध्ये चंद्रातला. 'पित्त्सा'मध्ये, 'ग्रात्सिए'मध्ये चोरातला. आणि जाळ्यातला ज 'त्झेरो'च्या, म्हणजे शून्याच्या, आरंभी ऐकू येतो. तिथंही 'त्स' आणि 'द्झ' या दोन्हींना रोमन अक्षर एकच. चमचा आणि चटणी म्हणणाऱ्या माणसाला हे ध्वनी शिकवायला कुणी लागत नाही, इंग्रजीतून आलेला 'झ' विसरायला मात्र लागतो.

व्याकरणातही आपलं माणूस भेटतं. 'आय लाइक' म्हणणाऱ्याला 'मी प्याचे' समजावताना वर्गात अर्धा तास जातो. मराठीत ते शब्दशः 'मला आवडतं' आहे, 'मी' या शब्दाचा तिथं अर्थच 'मला'. चांगला-चांगली-चांगले बदलतं तसंच 'बुओनो-बुओना-बुओनी'. 'मी' न म्हणता 'येतो' म्हटलं की कळतं, कारण क्रियापदातच माणूस असतो, तसंच तिकडेही. लिंगं आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन, म्हणजे एक डोकेदुखी कमीच. आदरार्थी बोलण्यात मात्र घोटाळा आहे. अनोळखी पुरुषालाही आदरानं 'लेई' म्हणायचं, आणि त्याचा दुसरा अर्थ 'ती'. पोस्टातल्या साहेबाला 'ती' म्हणताना सुरुवातीला जीभ अडते. पण 'आपण' हा शब्द स्वतःसाठी आणि समोरच्यासाठी दोन्हींकडे वापरणाऱ्या मराठी माणसानं याबद्दल तक्रार करू नये.

झुम्पा लाहिरी या लेखिकेनं इटालियनसाठी काय केलं ते या संदर्भात बघावं. अमेरिकेत राहून त्या जवळजवळ वीस वर्षं शिक्षक लावून इटालियन शिकल्या. बोलायची वेळ आली की अडत. 2012 मध्ये त्या कुटुंबासह रोमला गेल्या, आणि जायच्या आधीच त्यांनी इंग्रजी वाचणं थांबवलं. 2015 मध्ये इटालियनमध्येच लिहिलेलं पुस्तक आलं. त्याचा इंग्रजी अनुवादही त्यांनी स्वतः न करता दुसरीला करू दिला. त्यांच्याकडे पुलित्झर होतं, पैसा होता, वेळ होता. शिष्यवृत्तीवर गेलेल्या पोराला यातलं काही नसतं. पण त्यांनी केलेली मुख्य गोष्ट फुकट आहे. त्यांनी मधली भाषा बाजूला ठेवली.

वेल्ह्याच्या पोराला ती बाजूला ठेवणं सोपं जावं, खरं तर. पण तसं होत नाही. इंग्रजी मोठ्या कष्टानं कमावलेली असते, तिच्यासाठी घरच्यांनी पैसे मोजलेले असतात, पुण्यातल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या हशानंतर तीच आधाराला आलेली असते. मिलानला पोचल्यावर तो इंग्रजीत लपतो. खोलीत चार भारतीय, बोलणं हिंदीत, वर्ग इंग्रजीत, फोनवर घरी मराठी. वर्ष सरतं आणि इटालियन 'ग्रात्सिए', 'बुओनजोर्नो'च्या पुढे जात नाही. ज्याला खोली अशी मिळते की खाली म्हातारी मालकीण राहते, इंग्रजीचं अक्षर जाणत नाही, आणि भाज्या, पाऊस, गुडघे याविषयी बोलायला कुणीतरी हवं असतं, त्याचं नशीब. तीच सासू, तीच जात्यावरची जोडीदारीण. ती चूक सोडणार नाही. 'नोनो नव्हे, नोन्नो,' असं दहादा म्हणेल, आणि आपले नोन्नो मुसोलिनीच्या काळात कसे उपाशी राहिले ते अकराव्यांदा सांगेल.

असे काही महिने गेले की एक दिवस ती जिन्यातून हाक मारते. वर पोरगा फोनवर असतो, किंवा नुसताच लोळत असतो. विचार करायला वेळ नसतो, इंग्रजीकडे वळायलाही नसतो. तोंडातून निघतं, 'आर्रीवो!' म्हणजे, येतो. वेल्ह्यात आईनं चुलीपाशी बसून हाक मारली की अंगणातून तो जे ओरडायचा तेच. फक्त वेल्ह्यात आपण 'येतो' म्हणत नाही, त्याच्याही पुढे जाऊन 'आलो, आलो!' म्हणतो. जागचे हललेले मात्र दोन्हीकडे नसतो.